आधी रांग बघ

कोल्हापूर

चि. मृणाल हिस,


कॉलेजच्या परीक्षा विभागातली छपाई आता तुझ्याकडे आली, हे तुझ्या आईकडून कळलं. लिनक्सचं एक मशीन, त्याला जोडलेले दोन लेझर प्रिंटर, आणि ऑफिसातल्या बाकीच्या टेबलांवरून त्याच दोन प्रिंटरवर येणारी कामं. तू विचारलं आहेस, ‘मावशी, प्रिंट अडकली की सगळे म्हणतात, बंद करून चालू कर. तेच करत जाऊ का?’ नको करूस. का, ते नीट सांगायचं तर पत्र लांबणार. सवडीनं वाच.

प्रिंटर बंद केला म्हणून काम संपत नाही, कारण ते सगळं प्रिंटरमध्ये नसतंच. तू छापायला सांगितलंस की फाइल आधी संगणकातल्या रांगेत जाते. लिनक्सवर ही रांग सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव कप्स. तो प्रत्येक कामाला क्रमांक देतो, फाइलची एक प्रत आपल्याजवळ ठेवून घेतो आणि प्रिंटरला जमेल तसं त्याच्याकडे पाठवत राहतो. मध्येच प्रिंटर बंद केलास तर कप्सच्या हिशेबी ते काम अपुरं राहिलेलं असतं. प्रिंटर जागा झाला की पुष्कळदा ते पहिल्या पानापासून पुन्हा सुरू होतं. साठ प्रतींपैकी चाळीस निघाल्या असतील, तर आता नव्यानं साठ येऊ लागतात. लग्नपत्रिकेच्या बाबतीत हे चाललं असतं. प्रश्नपत्रिकेच्या बाबतीत एक जादा प्रत कुठे गेली याचं उत्तर केंद्रप्रमुखांना द्यावं लागतं, आणि ते उत्तर ते तुझ्याकडे मागतील.

म्हणून काही अडलं की हात प्रिंटरच्या बटणाकडे न जाता कीबोर्डकडे जावा. पडद्यावरच्या खिडकीत रांग दिसते, पण ती बहुधा तुझ्याच कामांपुरती, आणि नेमकं का अडलं ते ती सांगत नाही. टर्मिनल सांगतं. या पत्रात आज्ञा मी देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. टाइप करताना सगळी अक्षरं रोमन आणि छोटी. मोठं अक्षर हवं तिथे मी तसं म्हणेन.

पहिली आज्ञा ‘एलपीस्टॅट -ओ’. ही छापून व्हायची असलेली सगळी कामं दाखवते. एकेक ओळ अशी: ‘परीक्षा-२१२’, त्यापुढे काम पाठवणाऱ्याचं लॉगिन नाव, मग ८७०४०० असा आकडा, मग तारीख आणि वेळ. ‘परीक्षा’ हे प्रिंटरचं नाव, २१२ हा कामाचा क्रमांक, आणि तो आकडा फाइलचा बाइटमधला आकार. या एका ओळीत किती काही आहे बघ. काम कुणाचं, कधी पाठवलेलं, आणि दोन पानांची नोटीस आहे की शंभर पानांचा निकाल, याचा अंदाज तिथेच येतो. एकाच आकाराच्या चार ओळी एका माणसाच्या नावावर दोन मिनिटांच्या अंतरात दिसल्या, तर समजायचं की पान येईना म्हणून त्यानं चारदा बटण दाबलं आहे. झालेली कामं बघायची तर ‘एलपीस्टॅट -मोठा डब्ल्यू कम्प्लीटेड -ओ’.

दुसरी आज्ञा ‘एलपीस्टॅट -पी’. ही प्रिंटरची अवस्था सांगते: रिकामा आहे, अमुक काम छापतो आहे, किंवा ‘डिसेबल्ड’ म्हणजे थांबवलेला आहे. तिसरी ‘एलपीस्टॅट -ए’. ही सांगते की तो प्रिंटर नवी कामं स्वीकारतो आहे की नाही. पुष्कळ अनुभवी माणसंसुद्धा दुसऱ्या आणि तिसऱ्या आज्ञेतला फरक लक्षात घेत नाहीत, आणि परीक्षा विभागातला निम्मा गोंधळ तिथून सुरू होतो. त्यामुळे इथे जरा थांबते.

कप्समध्ये प्रत्येक प्रिंटरला दोन वेगवेगळी कुलपं आहेत. एक रांगेच्या तोंडाशी आणि एक रांगेच्या शेवटी. पिठाच्या गिरणीत वीज गेली तरी गिरणीवाला डबे ठेवून घेतो, दळण मात्र थांबलेलं असतं. तसाच प्रिंटर थांबलेला असला तरी रांग कामं घेत राहते. केबल निघाली, नेटवर्क तुटलं, प्रिंटरकडून उत्तर आलं नाही, की त्या प्रिंटरचं धोरण ‘स्टॉप-प्रिंटर’ असेल तर कप्स त्याला स्वतःहून थांबवतो. मग कुणीतरी केबल परत लावतं. प्रिंटरवर हिरवा दिवा लागतो, कागद आहे, टोनर आहे, तरी पान येत नाही. कारण कप्सच्या वहीत तो अजून थांबलेलाच आहे. त्याला कुणी ‘सुरू हो’ म्हटलेलंच नाही. ऑफिसातली मंडळी दाबत राहतात, रांग भरत राहते. मग कुणी जाणता येतो, ‘कप्सएनेबल परीक्षा’ म्हणतो, आणि एकाच नोटिशीच्या अकरा प्रती धडाधड बाहेर पडतात.

तू असं करू नकोस. थांबलेला प्रिंटर सुरू करण्याआधी ‘एलपीस्टॅट -ओ’ देऊन रांग वाच. दुबार कामं दिसली तर ज्याची त्याला विचारून काढून टाक. मगच ‘कप्सएनेबल’. याला दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात कुणी मागे उभं राहून ‘झालं का, झालं का’ करत असेल तरी ती दोन मिनिटं घेच.

हीच दोन कुलपं तुला हवी तशी वापरताही येतात. टोनर बदलायचा आहे, पण चालू असलेलं काम मध्ये तोडायचं नाही. अशा वेळी ‘कप्सडिसेबल --होल्ड परीक्षा’ दे. चालू काम पूर्ण होतं आणि पुढची कामं रांगेत थांबून राहतात. टोनर बदलला की ‘कप्सएनेबल --रिलीज परीक्षा’. उलट, पेपर छापायच्या वेळी त्या प्रिंटरवर दुसऱ्या कुणाचं नवं काम यायलाच नको असेल, तर पेपरचं काम रांगेत घातल्यावर ‘कप्सरिजेक्ट परीक्षा’. आत असलेली कामं छापली जातात, नवं काही आत येत नाही. पेपर झाला की आठवणीनं ‘कप्सॲक्सेप्ट परीक्षा’. ही शेवटची आज्ञा विसरलीस तर दुपारभर लोक तक्रार घेऊन येतील. तेव्हा ती कागदावर लिहून मशीनला चिकटवून ठेव.

या दोन्ही थांबवणाऱ्या आज्ञांना ‘-आर’ लावून कारण लिहिता येतं: ‘टोनर बदलत आहे’, ‘११ वाजेपर्यंत पेपर’. ते कारण प्रिंटरची अवस्था विचारणाऱ्याला दिसतं. फार थोडी माणसं ते लिहितात. तू लिहीत जा. छपाईच्या रांगेत उभ्या माणसाला पान उशिरा आल्याचा तितका त्रास होत नाही, जितका का येत नाही हे न कळल्याचा होतो. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमननं तिथल्या जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये अशी सोय करून घेतली होती की कागद अडकला की ज्यांची कामं रांगेत आहेत त्यांच्या पडद्यावर सूचना जायची. मग कुणीतरी उठून कागद काढायचं. पुढे झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. त्याच्या प्रोग्रॅमचा मूळ कोड मिळेना, म्हणून ती सोय त्यात करता येईना. १९८३ मध्ये त्यानं मुक्त सॉफ्टवेअरचा जो ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे हा अनुभव होता असं तो स्वतः सांगत आला आहे. तू ज्या लिनक्सवर काम करतेस त्यातला मोठा भाग त्या प्रकल्पातून आलेला आहे.

तुला आणखी एक कोडं पडलं असेल. कुणी ‘एलपी’ म्हणतं, कुणी ‘एलपीआर’. कुणी ‘कॅन्सल’ म्हणतं, कुणी ‘एलपीआरएम’. लिनक्स ज्याच्या वळणावर घडलं त्या युनिक्सच्या दोन घराण्यांच्या या दोन चालीरीती आहेत. ‘एलपी’, ‘एलपीस्टॅट’, ‘कॅन्सल’ हे एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्हचं घराणं. ‘एलपीआर’, ‘एलपीक्यू’, ‘एलपीआरएम’ हे बर्कले विद्यापीठाचं. मायकल स्वीटनं १९९७ मध्ये कप्स लिहायला घेतला आणि १९९९ मध्ये तो लोकांपुढे आला, तेव्हा त्यानं दोन्ही घराण्यांच्या आज्ञा चालू ठेवल्या. ॲपलनं २००२ मध्ये मॅकवर कप्स घेतला आणि २००७ मध्ये तो विकतच घेतला. २०१९ च्या अखेरीस स्वीट ॲपलमधून बाहेर पडला, आणि आता ओपनप्रिंटिंग या गटाची मंडळी कप्स पुढे नेत आहेत. मॅकवरही कप्सच असल्यानं तू लिनक्सवर जे शिकशील ते मॅकच्या टर्मिनलवरही चालेल.

पण दोन घराण्यांच्या खुणा एकमेकींत मिसळू नकोस. ‘एलपी’ला प्रिंटरचं नाव ‘-डी’नं सांगतात. ‘एलपीआर’ला तेच मोठ्या ‘-पी’नं. आणि ‘एलपी’मध्ये मोठ्या ‘-पी’चा अर्थ पूर्ण वेगळा, कोणती पानं छापायची तो. यात हमखास घोटाळा होतो. त्याहून वाईट म्हणजे ‘एलपीआरएम’ला क्रमांक न देता नुसतं एंटर दाबलंस, तर डीफॉल्ट प्रिंटरवर त्या क्षणी जे छापलं जात असेल तेच रद्द होतं. माझं ऐकशील तर एकच घराणं धर, सिस्टिम फाइव्हचं, आणि तेच हातात बसू दे.

पेपर छापायची आज्ञा अशी दे: ‘एलपी -डी परीक्षा -एन ६० -ओ मीडिया=ए४ -ओ साइड्स=टू-साइडेड-लाँग-एज -ओ कोलेट=ट्रू पेपर.पीडीएफ’. साठ प्रती, ए४ कागद, दोन्ही बाजूंना, आणि प्रत्येक प्रत जुळवून. ‘कोलेट’ राहिलं तर पहिल्या पानाचा साठांचा गठ्ठा, दुसऱ्याचा साठांचा गठ्ठा, असंही होऊ शकतं, आणि मग जमिनीवर बसून पानं लावावी लागतात. मात्र साठ म्हणण्याआधी ‘-एन १’ म्हणून एक प्रत काढ आणि ती विषयशिक्षकांना दाखव. आकृती कापली गेली असेल, शेवटचा प्रश्न तळाशी बसत नसेल, ते पहिल्या प्रतीतच दिसतं. आणि ती तपासणीची प्रतही हिशेबात धर.

घाईचं काम मागे अडकलं असेल तर दुसऱ्याचं रद्द करायची गरज नसते. प्रत्येक कामाला १ ते १०० असा अग्रक्रम असतो, काही न सांगितलं तर ५०. ‘एलपी -आय २१५ -क्यू १००’ म्हटलंस की २१५ क्रमांकाचं काम थांबलेल्यांच्या पुढे येतं. जे छापलं जात आहे ते मात्र आधी पूर्ण होतं. एक प्रिंटर बिघडला तर लोकांना ‘पुन्हा पाठवा’ म्हणू नकोस. ‘एलपीमूव्ह परीक्षा कार्यालय’ असं म्हटलं की पहिल्याची सगळी रांग दुसऱ्यावर जाते. एकच काम हलवायचं तर प्रिंटरच्या नावाऐवजी त्या कामाचा क्रमांक. कप्सनं बहुधा मूळ फाइलच जपलेली असते आणि ती प्रिंटरच्या भाषेत छापतेवेळीच बदलली जाते, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या प्रिंटरमध्येही हे जमतं.

ग्रंथालयाच्या थकबाकीच्या यादीसारखं मोठं, बिनघाईचं काम संध्याकाळवर टाकता येतं. मोठ्या ‘-एच’पुढे वेळ द्यायची. पण इथे एक गोष्ट ध्यानात ठेव. ती वेळ भारतीय वेळ धरली जात नाही, यूटीसी धरली जाते. आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. संध्याकाळी सहाला छापायचं तर १२:३० लिहायचं. १८:०० लिहिलंस तर प्रिंटर रात्री साडेअकराला रिकाम्या ऑफिसात छापत बसेल.

आता रद्द करण्याविषयी. ‘कॅन्सल परीक्षा-२१२’ म्हटलं की ते एक काम जातं. प्रिंटरच्या स्वतःच्या स्मृतीत जी पानं पोचली आहेत ती तरीही बाहेर येतील, त्याला घाबरू नकोस. आपलं काम ज्याचं त्याला रद्द करता येतं. पण तुझ्या हातात सुडो, म्हणजे प्रशासकाचा अधिकार आहे, त्यामुळे कुणाचंही काम तुला रद्द करता येतं. ‘कॅन्सल -ए’ ही आज्ञा सगळी रांग पुसते, आणि प्रिंटरचं नाव दिलं नाहीस तर सगळ्याच प्रिंटरच्या रांगा. ती टाइप करायला क्षण लागतो. पलीकडच्या खोलीत कुणी लिपिक सकाळपासून बसून केलेलं शिष्यवृत्तीचं विवरण त्यात असेल. त्याला वाटेल ते छापून झालं. मुदत टळून गेल्यावर कळेल की नाही झालं. म्हणून सामायिक रांगेवर ही आज्ञा वापरायचीच नाही, असं मी तुला स्पष्ट सांगते. क्रमांक घे, नाव बघ, त्या माणसाला फोन कर, मग एकेक काढ. ऑफिसातल्या ज्या मशीनवर विंडोज आहे तिथेही तेच. ‘नेट स्टॉप स्पूलर’ म्हणून स्पूलचा फोल्डर रिकामा करायचा आणि ‘नेट स्टार्ट स्पूलर’ म्हणायचं, हा उपाय सगळ्यांना पाठ असतो, पण त्यात त्या मशीनवरची सगळ्यांची कामं जातात. पॉवरशेलमध्ये ‘गेट-प्रिंटजॉब’नं यादी बघून ‘रिमूव्ह-प्रिंटजॉब’नं एकच काम काढता येतं.

आणखी एक गोष्ट कॉलेजात कुणी तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते. काम छापून झालं तरी कप्स त्याची फाइल लगेच टाकून देत नाही. मूळच्या मांडणीत ती ८६४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस, ‘व्हार’मधल्या ‘स्पूल’च्या आत ‘कप्स’ फोल्डरात राहते. साध्या वापरकर्त्याला ती उघडता येत नाही, पण ज्याच्याकडे सुडो आहे त्याला येते, आणि ‘एलपी -आय २१२ -मोठा एच रीस्टार्ट’ म्हटलं की तेच काम पुन्हा छापलं जातं. विद्यापीठाचा पेपर परीक्षेच्या जरा आधी येतो आणि तासाभरात उघड होतो, त्याची एवढी चिंता नाही. पण अंतर्गत चाचणीचे पेपर तुम्ही चार दिवस आधी छापता. गुणपत्रकं छापता. मुलामुलींचे जातीचे दाखले, पत्ते, सगळं त्या फोल्डरातून जातं. तुझ्या वरिष्ठांशी बोल, आणि त्यांची संमती घेऊन ‘कप्ससीटीएल प्रिझर्व्हजॉबफाइल्स=नो’ कर. मग छापलेलं पुन्हा छापायची सोय जाते, ती जाऊ दे. एखादं नाजूक काम रद्द करताना ‘कॅन्सल -एक्स’ म्हण, म्हणजे त्याची फाइलही पुसली जाते. आणि ६३१ क्रमांकाचं पोर्ट कॉलेजच्या बाहेर उघडं नाही ना, हे नेटवर्क बघणाऱ्यांकडून तपासून घे. २०२४ च्या सप्टेंबरात नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणाऱ्या ‘कप्स-ब्राउज्ड’ या सेवेतल्या गंभीर त्रुटी जाहीर झाल्या होत्या. तुमचे प्रिंटर दोनच आणि तुला माहीत असलेले. ती सेवा तुला लागत नाही, बंद ठेव.

मराठीच्या पेपराविषयी थोडं. साधी टेक्स्ट फाइल थेट ‘एलपी’ला देऊ नकोस. जोडाक्षरं आणि वेलांट्या जागच्या जागी बसतीलच याची खात्री नसते. आधी पीडीएफ कर आणि मग ‘पीडीएफफॉण्ट्स पेपर.पीडीएफ’ ही आज्ञा दे. ती फाइलमधला प्रत्येक फॉण्ट एकेका ओळीत दाखवते, आणि त्यात ‘ईएमबी’ नावाचा रकाना असतो. तिथे सगळीकडे ‘येस’ हवं, म्हणजे फॉण्ट फाइलच्या आतच आहे. एकही ‘नो’ दिसला तर छापू नकोस. युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेले पेपर अजूनही पुष्कळ शिक्षक देतात. तो फॉण्ट फाइलमध्ये नसेल तर ‘खालील प्रश्नांची उत्तरे लिहा’च्या जागी रोमन अक्षरांची रांगोळी येते. शिक्षकांकडून फॉण्टसकट नवी पीडीएफ मागून घे. ते रागावले तरी मागून घे. ऐन परीक्षेत वर्गात बसलेल्या मुलाला वाचता न येणारा पेपर देण्यापेक्षा ते बरं.

इतकं करूनही काही समजेनासं झालं तर ‘व्हार’मधल्या ‘लॉग’च्या आत ‘कप्स’ फोल्डरात ‘एरर_लॉग’ नावाची फाइल आहे, ती वाच. तिच्यात तपशील कमी वाटला तर ‘कप्ससीटीएल --डीबग-लॉगिंग’ म्हणून तेच काम पुन्हा पाठव, आणि कारण सापडलं की ‘--नो-डीबग-लॉगिंग’ म्हणून ते बंद कर. तिथल्या ओळी इंग्रजीत आणि लांबलचक असतात, पण ज्या ओळीत कामाचा क्रमांक आहे तेवढ्याच वाच. बहुतेक वेळा उत्तर तिथे असतं.

पुढच्या सोमवारपासून तुमच्या परीक्षा सुरू होताहेत ना? शनिवारी दुपारी, ऑफिस रिकामं असताना, ‘एलपीस्टॅट -टी’ दे. ही एक आज्ञा दोन्ही प्रिंटरची अवस्था आणि सगळी रांग एकदम दाखवते. तिचा निकाल कागदावर उतरवून मला पाठव. कुठे ‘डिसेबल्ड’ दिसलं, किंवा मागच्या महिन्यातलं कुणाचं काम अजून रांगेत पडलेलं दिसलं, तर रविवारी आपण फोनवर बसून ते निस्तरू.

तुझी,
मावशी